रेकॉर्ड घ्यायची, पण नवी की जुनी?

१९७७ साली ‘नासा’ने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, तेव्हा पृथ्वीवरच्या संगीताची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी प्रत्येक यानासोबत धाडली. भारतातून त्या तबकडीसाठी एकच ध्वनिमुद्रण निवडलं गेलं. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांची ती भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. निवड झाली, पण रेकॉर्ड कुठे मिळेना. संकलनाचं काम पाहणाऱ्या ॲन ड्रुयन यांना अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली सारलेल्या धुळकट खोक्यात तिच्या मोजक्या प्रती सापडल्या. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आपल्याकडचं थोर गाणं दुकानात मिळेलच याची शाश्वती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे रेकॉर्ड नवी घ्यावी की जुनी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर बाजारच देऊन टाकतो: पुष्कळ गाणं फक्त जुन्यातच मिळतं. उरलेल्या अर्ध्या उत्तराचा विचार मात्र आपल्याला करावा लागतो, आणि सध्या तो करण्याची वेळ अनेकांवर आली आहे. रेकॉर्ड प्लेअर पुन्हा घराघरांत येऊ लागले आहेत. वाढदिवसाला मुलं आईवडिलांना प्लेअर भेट देतात आणि मग त्यावर वाजवायचं काय, याचा शोध सुरू होतो. एकीकडे चकचकीत कव्हरातली नवी एलपी, किंमत साधारण दोन-तीन हजारांच्या घरात. दुसरीकडे मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, काही शेकड्यांत मिळणारी, कव्हराचे कोपरे झिजलेली तीच एलपी.

किंमत पाहून ठरवू नका, असं मी सांगेन. आधी दोन गोष्टी विचारा. या तबकडीतला आवाज मुळात कुठून आला? आणि गाणारा माणूस आज हयात आहे का?

पहिल्या प्रश्नाकडे येऊ. किशोरीताई, भीमसेनजी, कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर यांची एलपीच्या काळातली ध्वनिमुद्रणं चुंबकीय टेपवर झाली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एचएमव्हीने त्यांच्या एलपी छापल्या, तेव्हा ती टेप ताजी होती. टेपला वय असतं. वर्षांगणिक तिच्यावरचा चुंबकीय थर कमजोर होतो, दमट हवेत चिकट होतो. आज निघणाऱ्या बहुतेक नव्या आवृत्त्या अशा म्हाताऱ्या टेपचं डिजिटल रूपांतर करून, कधी त्यातली खरखर काढून, त्यावरून छापल्या जातात. रूपांतर निगुतीने केलं असेल तर आवाज सुरेख येतो. घाईने केलं असेल तर खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही पुसली जाते. नव्या एलपीच्या कव्हरावर मूळ टेप कोणती, रूपांतर कोणी केलं, हे छापलेलं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. काहीच छापलेलं नसेल, तर या चौघांच्या बाबतीत मी बेलाशक जुनी प्रत शोधेन.

पण त्याआधीच्या पिढीचं गणित उलटं आहे, आणि इथे बरेच हौशी खरेदीदार फसतात. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. एलपी हा प्रकार अमेरिकेत आला तो १९४८ साली. म्हणजे खाँसाहेबांची एलपी कितीही जुनी असली तरी ती मूळ नव्हे. ती ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवरून नंतर केलेली नक्कल आहे. बालगंधर्वांच्या जुन्या नाट्यपदांच्या एलपींचंही तसंच. शिवाय त्या काळातल्या ‘७८’च्या सगळ्या तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. चुकीच्या वेगाने नक्कल केली की गायकाची पट्टीच बदलते. जाणत्या संग्राहकाने वेग तपासून आज केलेलं रूपांतर, मग ते सीडीवर का असेना, पन्नास वर्षांपूर्वीच्या घाईतल्या एलपीपेक्षा सरस ठरू शकतं. इथे जुनेपणाला भुलून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

जुनी एलपी घ्यायचं ठरलं की तपासणी आली. तबकडी उन्हात किंवा दिव्याखाली तिरपी धरा. केसासारखे बारीक ओरखडे फारसा त्रास देत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा टकटक वाजतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक चकचकीत रेघा दिसतात. प्लेअरच्या खिळ्यावर रेकॉर्ड बसवताना त्या उमटतात, आणि रेकॉर्ड किती वेळा वाजली याचा तो मुका हिशेब असतो. तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून वाक आहे का तेही पाहा. उन्हात राहिलेल्या, आडव्या थप्पीत दबलेल्या रेकॉर्डी हमखास वाकतात.

डोळ्यांना न दिसणारं नुकसान मात्र कानांनीच ओळखावं लागतं, आणि त्यासाठी कुठे ऐकायचं हे माहीत हवं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ येईपर्यंत हे अंतर जेमतेम २० सेंटिमीटरवर येतं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. म्हणून आतल्या खाचा लवकर झिजतात, आणि झीज तिथेच आधी ऐकू येते. आता आपल्या ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित आधी, द्रुत शेवटी. किशोरीताईंच्या भूपाच्या प्रसिद्ध एलपीत ‘प्रथम सूर साधे’ बाहेरच्या प्रशस्त खाचांत आहे आणि ‘सहेला रे’ आतल्या अरुंद खाचांत. ज्या जागेसाठी आपण ती रेकॉर्ड घेतो, तीच जागा झिजायला सर्वांत सोपी. फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरवर, जड हाताच्या आणि कधीच न बदललेल्या पिनखाली वीस वर्षं वाजलेली प्रत असेल, तर तार सप्तकातला आवाज फाटतो, हार्मोनियम घोगरी होते. तेव्हा दुकानदाराकडे प्लेअर असेल तर सुरुवात ऐकत बसू नका. बाजू संपत आली की तिथे पिन ठेवायला सांगा. शेवटची दोन मिनिटं स्वच्छ असतील तर बाकीची बाजू बहुधा ठीक असते.

एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींवर क्रमांकाआधी ‘ईएएलपी’ असेल तर ती मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. मोनो म्हणजे कमी प्रतीची, हा समज सोडून द्यावा. एक गायक, एक तबला, एक पेटी आणि मागे तानपुरे. एवढ्यासाठी चांगलं मोनो ध्वनिमुद्रण काहीही कमी पडू देत नाही.

संच घेताना तबकड्या मोजून घ्या. ‘गीतरामायण’ हे याचं ठळक उदाहरण. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक होते. पुढे रेकॉर्डवर आलं ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातलं. आजी-आजोबांनी रेडिओवर ऐकलेलं आणि या संचातलं गायन एक नव्हे, हे समजून घ्यावं. वर्षानुवर्षं घराघरांत फिरलेल्या संचातली एखादी तबकडी गेलेली असते, किंवा एकाच्या कव्हरात दुसरी असते. प्रत्येक तबकडी बाहेर काढून लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. मुंबई-कोकणातून आलेल्या रेकॉर्डींवर बुरशीचे पांढुरके ठिपके असतात. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी ते बरेचसे निघतात; लेबल भिजू द्यायचं नाही, एवढंच. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीला अल्कोहोल चुकूनही लावू नका. ती लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर लाखदाणा स्पिरिटमध्येच विरघळवतात. साफ करायला गेलेला माणूस अशाने गाणंच पुसून बसतो. ‘७८’साठी पिनही वेगळी लागते. तिची खाच एलपीच्या खाचेच्या तिपटीने रुंद, म्हणून पिनचं टोक सुमारे ७५ मायक्रॉनचं हवं. एलपीची बारीक पिन लावली तर ती खाचेच्या तळाशी घसरते आणि खरखरच जास्त ऐकवते. उलट, चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी एकदा जरी वाजवली तरी ती कामातून गेली. विकणारा ‘चालते सगळ्यावर’ म्हणाला तरी ऐकू नका.

सीडीच्या बाबतीत मी जुन्याच्या बाजूने आहे. उजेडाकडे धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत नाहीत ना, छापील बाजूवर खोल ओरखडा नाही ना, एवढं पाहिलं की पुरे. सीडीचा चकाकता थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून तिकडचा ओरखडा जास्त घातक. पुण्याच्या आलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींचं जे गाणं कॅसेट-सीडींवर आणलं, त्यातलं काही दिसलं तर सोडू नका. मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा सीडी हाताळून निवडण्याची एक मोठी जागा गेली. कॅसेट मात्र दुसऱ्या कुठल्याच रूपात ते गाणं मिळत नसेल तरच घ्यावी.

जुन्या खरेदीचा एक मोठा फायदा कव्हरावर असतो. साथीला तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बंदिश कोणती, ताल कोणता, हे तिथे छापलेलं असतं. मोबाइलवर तेच गाणं ऐकताना तबलजीचं नाव शोधून पाहा. बहुतेकदा सापडत नाही. साथीदारांची ही नोंद पुष्कळदा कव्हरावरच काय ती उरली आहे. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने अशा तपशिलांचं आणि तबकड्यांचं जतन मनापासून केलं. तुमच्या माळ्यावर वारसाने आलेल्या ‘७८’ असतील तर वजनावर विकण्याआधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला त्यांची लेबलं दाखवा.

आता दुसरा प्रश्न, गाणारा हयात आहे का. जुन्या बाजारात दिलेल्या पैशातला एक रुपयाही कलाकाराकडे जात नाही. जुन्या काळी कित्येकांना एकरकमी मानधनावर बोळवलं गेलं. विक्रीतला वाटा मिळावा म्हणून लताबाईंना १९६०च्या दशकात उभं राहावं लागलं आणि त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचं बिनसलंही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार, संगीतकार आणि गायक-वादकांचा स्वामित्वधनावरचा हक्क बळकट केला. पण मुळात नवी प्रत विकली गेली तरच त्या हक्काला अर्थ. आणि आज शास्त्रीय संगीत गाणारी तिशी-चाळिशीतली मंडळी बहुतेकदा पदरमोड करून ध्वनिमुद्रण करतात.

नव्या रेकॉर्डसाठी आता बाहेरच्या देशाकडे बघण्याचीही गरज पूर्वीइतकी नाही. १९९०च्या दशकात आपल्याकडे एलपी छापणं थांबलं होतं आणि नंतरच्या भारतीय एलपी परदेशात छापून येत होत्या. २०२४ मध्ये नवी मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू झाला आहे. कमी प्रतींची मागणी इथल्या इथे भागू लागली, तर एखाद्या तरुण गायिकेलाही आपली एलपी काढण्याचं धाडस करता येईल.

म्हणून माझा कौल असा आहे. गेलेल्या कलाकारांचं एलपीच्या काळातलं गाणं जुन्यात घ्या, शेवटची दोन मिनिटं ऐकून. त्याआधीच्या पिढीचं गाणं, रूपांतर कोणी केलं हे पाहून घ्या, नव्या-जुन्याचा आग्रह न धरता. आणि हयात कलाकाराची रेकॉर्ड किंवा सीडी मैफलीच्या दारात मांडलेली दिसली, तर ती तिथेच, नवी, पूर्ण किमतीला घ्या.