नोंदीतलं कन्कशन आणि न नोंदलेलं

आजचा विषय आहे अमेरिकेतलं व्यावसायिक फुटबॉल. हेल्मेट घालून, एकमेकांना धडका देत खेळतात ते. तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. डोक्याला हिसका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, त्याला कन्कशन म्हणतात. क्रिकेटमधल्या बदली खेळाडूच्या नियमामुळे हा शब्द आपल्याही कानावरून गेलाय. प्रश्न असा, की सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवरून या दुखापतींचा अभ्यास करायचा, तर तिच्यावर भरवसा किती ठेवायचा?

पहिली अडचण दुखापतीतच आहे. हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये दिसतं. कन्कशन सहसा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, आठवत नाहीये, हे बरंचसं खेळाडूने सांगायचं आणि डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आता बघा, अनेकांच्या करारातली सगळी रक्कम हमीची नसते, आणि जागा घ्यायला दुसरा तयार बसलेला असतो. असा खेळाडू दर वेळी सांगेलच का? म्हणजे कागदावर येण्याआधीच गळती सुरू होते.

दुसरी अडचण नोंदीच्या हेतूची. हंगामात संघ दर आठवड्याला जखमी खेळाडूंची यादी जाहीर करतात. बरेच अभ्यासक तीच वापरतात. पण ती संशोधनासाठी केलेलीच नाही! पुढच्या सामन्यात कोण खेळेल, हे सगळ्यांना सारखं कळावं, आतल्या माहितीवर कुणी पैजा जिंकू नयेत, यासाठी ती आहे. मग हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कुणाला लागलं, तर पुढचा सामनाच नाही आणि यादीही नाही.

एक उदाहरण घेऊ. २५ सप्टेंबर २०२२. मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ बफेलोविरुद्ध खेळताना पडला, डोकं जमिनीवर आपटलं. उठला आणि अडखळला. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तरी तो पुन्हा खेळायला आला. कारण सांगितलं गेलं पाठीचं. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याच्या नावापुढे पाठ आणि घोटा एवढंच होतं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या चौकशीत निघालं, की ठरलेली पद्धत पाळली गेली होती, पण अपेक्षित परिणाम साधला नाही. मग नियम बदलला: तोल जाण्याचं असं लक्षण दिसलं, की त्या दिवशी परत खेळायचं नाही.

२५ तारखेला त्याला कन्कशन झालंच होतं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय, की यादी मोजणाऱ्याच्या तक्त्यात त्या दिवशी शून्य पडतं. शंका तक्त्यात उतरत नाही.

मग लीगचीच आकडेवारी वापरू, असं कुणी म्हणेल. लीगच्या समितीने १९९६ ते २००१ या काळातल्या नोंदींवरून ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात शोधनिबंधांची मालिका छापली. मार्च २०१६मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवलं, की निदान झालेली शंभराहून अधिक कन्कशन्स त्यात नव्हतीच. ट्रॉय एकमन आणि स्टीव्ह यंगसारख्या नामवंतांच्या काही दुखापतीही त्यात गळल्या होत्या. लीगचं म्हणणं, की नोंदी देणं संघांना सक्तीचं नव्हतं. ठीक. पण मग एखाद्या संघापुढचं शून्य म्हणजे ‘कुणाला लागलं नाही’, की ‘कुणी कळवलं नाही’? वाचणाऱ्याला हे कळायला मार्गच नव्हता.

आता लीग दरवर्षी आकडे देते. सराव आणि सामने धरून २०१७मध्ये २८१ आणि २०१८मध्ये २१४. घट मोठी आहे, आणि २०१८मध्ये नियमही कडक झाले होते. पण उलटंही घडू शकतं. मैदानावर लक्ष ठेवणारी माणसं वाढवली, तर आकडा वाढेल, आणि तो वाढणं चांगलं असेल. आधी निसटत होतं ते सापडू लागलं, इतकाच त्याचा अर्थ.

मग ही माहिती टाकून द्यायची का? नाही. निदान झाल्यावर खेळाडू किती सामने बाहेर राहिला, हे तिच्यातून बऱ्यापैकी कळतं. किती जणांना लागलं, हे मात्र कळत नाही. कळतो तो किमान आकडा. म्हणून तक्ता हातात आला, की तीन गोष्टी विचारा: नोंद कुणी केली, कशासाठी केली, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ काय? तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर ‘कन्कशन्स कमी झाली’ असं लिहू नका. ‘नोंदवलेली कन्कशन्स कमी झाली’ असं लिहा. शब्द एकच वाढतो, पण याच आकड्यांवर खेळाडूंच्या सुरक्षेचे निर्णय होतात.