पडदा फिरला, पेनचं काय?

लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२२० टॅब्लेट २०११ सालचा. १२.५ इंची पडदा फिरवून कीबोर्डवर उताणा टाकला की पाटी तयार. यावर लिनक्स टाकणं सोपं आहे. पडद्यावर लिहायच्या वॅकॉम पेनचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

अडतं ते पडदा उभा धरल्यावर. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्स-ऑर्ग या प्रणालीत ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा फक्त चित्र फिरवते. पेनची दिशा जुनीच राहते आणि रेघ भलतीकडेच उमटते. म्हणून ‘एक्ससेटवॅकॉम’ने पेनही तेवढंच फिरवावं लागतं. बोटांचा स्पर्श चालणाऱ्या मॉडेलात स्पर्शालाही तेच करावं. या आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ती पडद्याच्या कडेवरच्या बटणाला जोडावी; टॅब्लेट रूपात कीबोर्ड झाकलेला असतो, त्यामुळे ही सोय मला अत्यावश्यक वाटते.