काटा बाराच्या खाली

बॉनेट उघडं आहे आणि इंजिन जागच्या जागी हलतंय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडरचा गोंगाट एवढा, की साधी गाडी चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागतं. हिचं मात्र नुसतं पाहूनच कळतं. एअर क्लीनरचं भांडं थरथरतंय, पुढची नंबरप्लेट खडखडतेय आणि मध्येच अख्खं धूड एक आचका देतंय. १९८२ सालची ॲम्बॅसिडर, मार्क फोर, पेट्रोल. या गाड्यांमधलं पेट्रोलचं इंजिन काढून कित्येकांनी डिझेलचं बसवून घेतलं, त्यामुळे मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन जपलेली गाडी दिसली की गॅरेजातली माणसं उगाचच एक चक्कर मारून जातात. आत्ताही दोघं येऊन उभे आहेत. सल्ला द्यायला अर्थात दोघेही तयार.

"स्लोला थांबतच नाही," गाडीचे मालक सांगतात. ते निवृत्त प्राध्यापक, माझे शेजारी. इथे सगळे त्यांना सर म्हणतात. "हायवेला ऐंशीनं सुरेख पळते. सिग्नलला आली की मिसिंग."

"काय काय बदललंय?" मिस्त्री विचारतात.

सर यादी वाचतात. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. कार्ब्युरेटरचं किट दोनदा. शेवटच्या ठिकाणी तर आता नवा कार्ब्युरेटरच घ्या म्हणून सांगितलंय.

मिस्त्रींच्या चष्म्याला मागून दोरी बांधलेली आहे. ते हसतात. "कार्ब्युरेटर वर बसलाय, हाताला पटकन लागतोय. म्हणून पहिला मार त्येलाच."

सल्लागारांपैकी एकजण कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे बोट दाखवतो. "हात न्हाई लावायचा," मिस्त्री त्याला थांबवतात आणि पोऱ्याकडून वहीच्या कागदाची एक पट्टी मागून घेतात. मागे जाऊन ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात. पट्टी बाहेर फडफडते, पण सारखी नाही. मध्येच एक ठेका चुकतो. एकदाही ती आत ओढली जात नाही. "व्हॉल्व्ह जळला असता तर कागद आत खेचला असता," ते म्हणतात. मला ही युक्ती माहीत नव्हती. ही गॅरेजातली सगळ्यात स्वस्त तपासणी असावी.

मग लोखंडी कपाटातून एक गोल गेज निघतं. शून्यापासून तीसपर्यंत आकडे, पाऱ्याचे इंच. या गाडीला कुण्या जुन्या मालकाने मागाहून ब्रेकचा सर्वो बसवून घेतलाय आणि त्यासाठी इनलेट मॅनिफोल्डवरून एक रबरी नळी काढलेली आहे. मिस्त्री ती सर्वोवरून उपसतात आणि गेजला लावतात. काटा उठतो, बाराच्या जरा खाली येतो आणि तिथेच बारीक कापत राहतो.

इंजिन स्लोला चालतं तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. चारही पिस्टन खाली जाताना हवा मागतात आणि वाट मात्र फटीएवढी असते, म्हणून मॅनिफोल्डच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. ही ओढ किती आहे, ते गेज दाखवतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन सतरा ते एकवीस इंच दाखवतं. दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा होतो, आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. म्हणजे इथे पंधरा ते एकोणीस आले तरी तक्रार नको. बारा म्हणजे मात्र कुठेतरी गळती, नाहीतर टायमिंग मागे, नाहीतर इंजिन झिजलेलं. एवढ्या तीन शक्यतांतून निवड करायची आहे.

"सर्वोचा पडदा फाटला असेल का?" सर विचारतात.

"नळी काढल्यावर सर्वो बाजूलाच झाला की. तरी काटा बारालाच हाय."

मिस्त्री हाताने थ्रॉटल झटकन उघडून सोडतात. काटा शून्याकडे कोसळतो आणि रेस सुटताच उसळून विसाच्या पुढे जातो. रिंगा दमलेल्या असत्या तर एवढी उसळी आली नसती. मग ते रेस जराशी चढवून तशीच धरून ठेवतात. काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबलेला समजायचा; हा उतरत नाही. टायमिंगचा दिवा लावून पुलीवरची खूण बघतात, ती जागेवर आहे. पॉइंटची फटही ठीक. या दोन कामांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत, कारण त्यांना तिथे काही सापडेल अशी अपेक्षाच दिसत नाही.

खरी मजा यानंतर आहे. रबरी मुठीच्या पकडीने ते एकेका प्लगची वायर उपसतात. रेडिएटरच्या बाजूचा पहिला सिलिंडर बंद करताच इंजिन मान टाकतं, आवाज खोल जातो. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याची वायर निघते आणि फारसा फरकच पडत नाही. चौथ्यालाही नाही. म्हणजे मागचे दोघे आधीपासूनच नीट काम करत नव्हते.

प्लग बाहेर येतात आणि पोऱ्या ते फडक्यावर क्रमाने मांडतो. पहिल्या दोघांची टोकं कॉफीच्या रंगाची, जशी असावीत तशी. तिसऱ्या-चौथ्याची पांढरीफटक. पेट्रोल कमी, हवा जास्त.

दोन शेजारचे सिलिंडर एकदम आजारी पडले की हेड गॅस्केटवरही संशय जातो. दोघांच्या मधली पट्टी फुटलेली असू शकते. म्हणून कम्प्रेशनचं गेज लागतं. चारही आकडे सव्वाशेच्या आसपास, फरक पाच-सातचा. हेड सुटलं.

इथे या इंजिनाची ठेवण कामाला येते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं हे इंजिन. त्याच्या हेडला हवा आत जाण्याची तोंडं दोनच: एक पहिल्या-दुसऱ्याला मिळून, दुसरं तिसऱ्या-चौथ्याला मिळून. धूर बाहेर पडायची तोंडं तीन. आणि ही पाचही एकाच बाजूला. कार्ब्युरेटर बिघडला असता तर चौघेही रडले असते. मागची जोडीच रडतेय, तेव्हा हवा शिरतेय ती त्या जोडीच्या तोंडापाशी.

"गाडी हवा घ्यायलीय, सर," मिस्त्री म्हणतात. "कुठनं, ते आता दावतो."

सल्लागार पेट्रोल शिंपडून बघायला सुचवतो. बऱ्याच ठिकाणी तसं करतात. पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकायचं. इथे इनलेटच्या अगदी लगत एक्झॉस्टचं तापलेलं बीड आहे. मिस्त्री त्याच्याकडे असं काही बघतात की तो दोन पावलं मागे सरकतो. त्यांच्या हातात प्लास्टिकची बाटली आहे, झाकणाला सुईने भोक पाडलेलं, आत साधं पाणी. तेही बेताने, लाल झालेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं, म्हणून इंजिन मध्येच बंद ठेवून निवू दिलंय आणि आत्ता नुकतंच पुन्हा चालू केलंय.

पहिल्या जोडीच्या सांध्यावर चार थेंब. काहीच नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी, थ्रॉटलच्या दांड्यापाशी. जुन्या सोलेक्सचा हा दांडा झिजून तिथूनही हवा जाते, पण काटा जरासाच हलतो. मग बाटली मागे सरकते. तिसऱ्या-चौथ्याच्या फ्लॅंजच्या खालच्या कडेला पाण्याची एक धार लागते आणि ते पाणी खाली ओघळतच नाही. चर्र आवाज करत ते आत जातं. इतका वेळ गोंगाटात हरवलेली एक बारीक शिट्टी बंद पडते, तेव्हा ती वाजत होती हे लक्षात येतं. काटा चौदावर चढतो, दोन-तीन क्षण इंजिन गुळगुळीत चालतं आणि पाणी संपताच सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

"परत करा," सर म्हणतात. त्यांना पटलंय, तरी पुन्हा बघायचंय. मलाही.

अर्ध्या इंचाचा पाना चालू लागतो. नट निघतात तसं कारण उघडं पडतं. इनलेट आणि एक्झॉस्टचे फ्लॅंज शेजारी-शेजारी, आणि मधल्या नटाखालचा एक जाड वॉशर दोघांनाही एकदम दाबतो. दोन्ही फ्लॅंज सारख्या जाडीचे हवेत. या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधीतरी दुसऱ्या गाडीचा काढून बसवलेला दिसतोय. व्हर्निअर लावल्यावर तो इनलेटपेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर जाड निघतो. नट कितीही आवळा, वॉशर एक्झॉस्टवर टेकून तिरपा होणार आणि इनलेट सैलच राहणार. गॅस्केटवर त्याची साक्ष आहे: मागच्या तोंडाच्या खालच्या बाजूला एक मातकट रेघ, बाहेरची धूळ आत ओढली गेल्याची.

हायवेला गाडी का सुरेख पळत होती, तेही आता कळतं. थ्रॉटल उघडला की आतली ओढ कमी होते, आणि कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या हवेच्या लोंढ्यापुढे ही चोरटी हवा किरकोळ ठरते. स्लोला मात्र तिचा वाटा मोठा. शिवाय पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल. त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. उसाच्या जिल्ह्यात बसून इथेनॉलबद्दल कुरकुर करणं बरं दिसत नाही, पण रबरी नळ्यांना ते मानवत नाही हेही खरं; मिस्त्री पेट्रोलची एक फुगलेली नळी कापून बदलतात.

उद्यमनगरात असण्याचा फायदा असा, की मशिनिंगचं दुकान रस्त्यापलीकडेच आहे. दोन्ही मॅनिफोल्ड तिकडे जातात, जाडी सारखी होऊन आणि फेस मारून चहा व्हायच्या आत परत येतात. नवं गॅस्केट, नवे वॉशर, नट मधून कडेला आवळत. मिक्श्चरचा स्क्रू आधीच्या कुणीतरी चार फेरे उघडून ठेवलाय, गळतीची हवा जादा पेट्रोलने झाकायला. मिस्त्री तो दीड फेऱ्यावर आणतात. स्लोचा स्क्रूही मागे घेतात.

स्टार्टर. काटा सतराला जातो आणि तिथे उभा राहतो. नंबरप्लेट गप्प.

जुना, म्हणजे सरांचाच, कार्ब्युरेटर गाडीवर कायम आहे. नव्याची किंमत त्यांनी विचारून ठेवली होती. त्याच्या पुढे गॅस्केट, वॉशर आणि मशिनिंगचा खर्च काहीच नाही. तुमच्या जुन्या गाडीला कुणी नवा कार्ब्युरेटर सुचवला, तर आधी व्हॅक्यूम गेज लावून काटा दाखवायला सांगा. आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बदललं असेल, तर पाचेकशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, नट पुन्हा एकदा आवळून घ्या.