ताडोबाला जाताय?

भारतभेटीत मुलांना वाघ दाखवायचा असेल, तर नागपूरहून चंद्रपूरकडे ताडोबाला जावं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. आम्ही मे महिन्यात गेलो. पहाटे मोहर्लीच्या फाटकातून उघड्या जिप्सीने आत शिरलो. सागाची पानं गळलेली, बांबू वाळून खडखडीत. (ऊन म्हणजे काय, हे अमेरिकेत वाढलेल्या आमच्या मुलांना नऊ वाजताच समजलं!) पाणवठ्याशी तासभर बसल्यावर सांबर ओरडलं, वानरं खाकरली आणि वाघीण आली. आधी मागचं अंग पाण्यात टाकून निवांत बसली. मुलं चिडीचूप.

तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंडांचा पुढारी पुढे त्यांचा देव झाला. ताडोबा हे नाव त्याचंच. झुंज मात्र संपलेली नाही. आमचा गाईड जवळच्याच गावचा. म्हणाला, "तुम्हाले वाघ दिसला पाहिजे जी. आमच्या बाया तेंदूपानं तोडाले जातात, त्यांना तो दिसू नये." त्या निघतात तेही पहाटेच.

गाभाक्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं. सफारीचं आरक्षण इथून निघण्यापूर्वीच करावं.