तेल पाजण्यापूर्वी : वाळलेल्या चामड्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

द्रोणागिरीत दमट हवा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. एका अंगाला करंजाचा समुद्र, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेव्याची खाडी आणि आसपास उरणची मिठागरे. पावसाळ्याचे चार महिने कपाटे बंद राहतात. दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली की वडिलांचा पट्टा, आजोबांची चामडी पेटी, लग्नात घेतलेली कोल्हापुरी चप्पल आणि ऑफिसची जुनी बॅग बाहेर येते. हात लावला की कळते, सगळे कडक झाले आहे. घरातले कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली आणते आणि दुसरे कोणी ती वस्तू गच्चीवर उन्हात ठेवायला निघते.

दोन्ही गोष्टी प्रेमापोटी होतात आणि दोन्हींमुळे वस्तू लवकर संपते. जुने चामडे पुन्हा मऊ करता येते, पण त्याआधी ते कशाचे बनले आहे आणि का कडक झाले आहे, हे ओळखावे लागते. ती ओळख चुकवणारे समज पुढे एकेक करून तपासले आहेत.

गैरसमज १ : आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे चामडे वाळूच शकत नाही

वस्तुस्थिती : चामडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कातडे कमावताना या तंतूंमध्ये टॅनिन किंवा क्रोमियमचे क्षार बसवतात. त्यानंतर तेल-चरबी मुरवतात, म्हणजे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. चामड्याचा मऊपणा या सरकण्यात आहे.

वस्तू पावसात भिजली, वाळली, पुन्हा भिजली की पाण्याबरोबर आतली चरबी जागा सोडते आणि तंतू एकमेकांना चिकटत जातात. दिवसभर एसी, संध्याकाळी खाडीचा वारा, हा रोजचा चढउतारही तेच करतो. त्यात घामातले आणि समुद्री हवेतले मीठ ओलावा ओढत राहते. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात एकाच बॅगेवर बुरशीही दिसते आणि तिचा पट्टा कडकही झालेला असतो.

गैरसमज २ : बॅगेचे, सोफ्याचे पापुद्रे निघू लागले म्हणजे चामडे वाळले

वस्तुस्थिती : पापुद्रे निघणारी वस्तू बहुतेक वेळा चामड्याची नसतेच. कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन ती बनवलेली असते. या प्लास्टिकच्या अनेक प्रकारांतील बंध पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतात. वस्तू वापरली नाही तरी ही क्रिया थांबत नाही. दोन-तीन पावसाळे खोक्यात ठेवलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो, त्याचेही कारण हेच. दमट किनाऱ्यावर ही झीज वेगाने होते. तेल, मलम, कंडिशनर, कशानेही ती उलटत नाही.

खरे चामडे ओळखायचे तर कापलेली कड पाहा. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, कृत्रिम मालाच्या कडेला कापडाची वीण आणि वर पातळ थर दिसतो. ‘बाँडेड लेदर’ म्हणून विकला जाणारा माल चामड्याचा चुरा डिंकासारख्या पदार्थाने जोडून केलेला असतो. तोही असाच सोलतो. ही पारख आधी केली तर पैसेही वाचतात आणि मेहनतही.

गैरसमज ३ : कडक चामड्याला भरपूर तेल पाजले की ते पूर्ववत होते

वस्तुस्थिती : तेल लावताच चामडे मऊ लागते हे खरे. पण जास्तीचे तेल तंतूंमध्ये भरून राहते, चामडे काळपट आणि लुळे पडते, शिवण सैल होते आणि धूळ चिकटते. त्या तेलकट धुळीवर पुढच्या पावसाळ्यात बुरशी पोसली जाते.

स्वयंपाकघरातली तेले या कामाला विशेष वाईट. करडई आणि जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे आधी चिकट होते आणि मग कडक होते. शेंगदाण्याचे तेल खवट होते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे एसी खोलीत ते चामड्याच्या छिद्रांत पांढरे होऊन बसते.

कोल्हापुरी चपलेचा प्रश्न इथे हमखास निघतो. ही चप्पल वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची असते. बाभळीची साल आणि हिरडा हे त्या पद्धतीतले जुने, ओळखीचे पदार्थ. कातडे पिशवीसारखे शिवून त्यात या पदार्थांचे पाणी भरून टांगण्याची रीतही याच परंपरेतली. अशा चामड्यावर प्लास्टिकचा थर नसल्याने ते तेल पटकन पिते आणि कारागीरही चप्पल मऊ करायला तेलाचा हात फिरवतात. हात फिरवणे आणि पाजणे यांत मोठा फरक आहे. बोटाच्या टोकावर मावेल इतके तेल एका चपलेला पुरते. चप्पल तेलात बुडवली, तर तळाचे थर आणि चामड्याच्या वादीची शिवण दोन्ही ढिली पडतात.

गैरसमज ४ : बुटाचे पॉलिश लावले की चामड्याची निगा झाली

वस्तुस्थिती : डबीतल्या पॉलिशमध्ये मुख्यतः मेण, रंग आणि उडून जाणारे द्रावण असते. ते पृष्ठभागावर बसते, चकाकी देते आणि थोडे पाणी अडवते. आतल्या तंतूंपर्यंत ते जात नाही. कंडिशनरमध्ये तेल किंवा लॅनोलिनसारखी चरबी बारीक कणांत मिसळलेली असते आणि ती आत मुरते. म्हणून क्रम असा : आधी स्वच्छता, मग कंडिशनर, शेवटी हवे असल्यास पॉलिश.

कंडिशनर मुरेल का, हे पाण्याच्या थेंबाने कळते. न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाका. तो मुरून डाग गडद झाला, तर चामडे उघडे आहे आणि कंडिशनर घेईल. थेंब मण्यासारखा वर राहिला, तर त्यावर रंगाचा जाड थर आहे. गाडीची आसने आणि बरेचसे सोफे या प्रकारचे असतात. त्यांना ओलसर कापडाने पुसणे, हीच बरीचशी निगा. मखमलीसारख्या पोताच्या स्वेड चामड्याला तर तेल आणि मलम दोन्ही वर्ज्य.

गैरसमज ५ : भिजलेली वस्तू उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की लवकर वाळते, काही बिघडत नाही

वस्तुस्थिती : सगळ्यांत कायमचे नुकसान इथे होते. ओले चामडे ठरावीक तापमानाला आकसते आणि ते आकसणे परत फिरत नाही, कारण कोलॅजनच्या रेणूंची मूळ वळणेच उलगडतात. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेले नवे चामडे ओले असताना साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते. क्रोमने कमावलेले १०० अंशांच्या आसपास टिकते. जुने, झिजलेले चामडे मात्र याच्या कितीतरी खाली आकसू शकते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, गॅसशेजारचा कट्टा किंवा हेअर ड्रायरचा गरम झोत त्याला पुरेसा असतो.

भिजलेल्या बुटात किंवा बॅगेत कोरा पांढरा कागद चुरगळून भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. कागद ओला झाला की बदला आणि वस्तू सावलीत, पंख्याच्या सौम्य वाऱ्यात एक-दोन दिवस वाळू द्या.

गैरसमज ६ : पांढरे दिसले म्हणजे बुरशी, हिरवे दिसले तरी बुरशीच

वस्तुस्थिती : पांढऱ्या थराची तीन कारणे असतात. बुरशी लोकरीसारखी, ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला कुबट वास येतो. आतली चरबी पृष्ठभागावर येऊन गोठली, तरीही पांढरा थर दिसतो. तो बोटाच्या किंवा कोमट हवेच्या उबेने विरघळतो, बुरशी विरघळत नाही. तिसरे कारण मीठ. ते ओलसर कापडाने निघते आणि वाळल्यावर बऱ्याचदा पुन्हा वर येते.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ती दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशी घरात झटकू नका, तिचे बीजाणू सगळ्या खोलीभर पसरतात. नाकाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने ती काढा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले कापड, आधी कोपऱ्यात रंग जातो का ते पाहून, हलक्या हाताने फिरवा आणि वस्तू पूर्ण वाळू द्या. बुरशीवरच तेल किंवा पॉलिश चढवले, तर ती खाली जिवंत राहते.

पितळी खिळे आणि कड्यांभोवतीचा हिरवा मेणचट थर वेगळा. चामड्यातल्या चरबीची आम्ले तांब्याशी मिसळून तो बनतो. तेल जितके जास्त, तितका हा थर जास्त. लाकडी दातकोरणीने तो खरवडून काढा.

गैरसमज ७ : कंडिशनर लावत राहिले की चिरा भरून येतात

वस्तुस्थिती : चीर म्हणजे तुटलेले तंतू. चामडे जिवंत कातडी नाही, त्यामुळे ते भरून येत नाही. कंडिशनर आजूबाजूचे चामडे मऊ करून चीर वाढणे थांबवतो. मोठ्या चिरेवर आतून ठिगळ लावणे किंवा तो भाग बदलणे, हेच खरे काम.

एकोणिसाव्या शतकातल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांची स्थिती याहून नाजूक असते. हात लावला की बोटांना तांबूस भुकटी लागते. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चामड्यात आम्ल तयार होऊन ही झीज होते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकांच्या चामड्याची तपासणी करून १९०५ साली अहवाल प्रसिद्ध केला. गॅसच्या दिव्यांचा धूर हे त्यात एक कारण ठरले. अशा बांधणीला तेल लावले, तर ती काळी पडते आणि आणखी ठिसूळ होते. संवर्धक तिथे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लावून भुकटी बांधून ठेवतात. घरात आजोबांच्या काळातली पोथी किंवा वही अशा स्थितीत असेल, तर ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. अशा जाणकारांना विचारल्याशिवाय त्या वस्तूला काही लावू नये.

गैरसमज ८ : कातडे ते कातडे, सगळ्यांना एकच इलाज

वस्तुस्थिती : ढोलकी, तबला, पखवाज, संबळ यांवर ताणलेले कातडे चामड्यासारखे कमावलेले नसते. केस काढून, ताणून ते वाळवलेले असते आणि त्याचा कडक ताण हाच त्याचा सूर. त्याला कंडिशनर किंवा तेल लावले की पान सैल पडते आणि नाद जातो. पावसाळ्यात उतरलेली हलगी वाजवणारे तिला शेकोटीची ऊब देतात, तेल लावत नाहीत. चपलेच्या चामड्याला जी ऊब घातक, ती इथे मोजून वापरली जाते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी जपलेल्या चामडी छायाबाहुल्यांनाही चपला-बॅगांचा इलाज लावू नये. या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

मग करायचे काय?

कडक वस्तू आधी वाकवू नका, तुटेल. कोरड्या मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढा. घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने पुसा. कपड्याचा साबण आणि खाण्याचा सोडा वापरू नका. चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि हे दोन्ही अल्कधर्मी पदार्थ त्यातले टॅनिन व चरबी बाहेर ओढतात. वस्तू एक दिवस सावलीत ठेवा.

मग न दिसणाऱ्या जागी कंडिशनर लावून दुसऱ्या दिवशी रंग तपासा. ठीक असेल, तर सुती कापडाने अगदी पातळ थर द्या, एक दिवस थांबा आणि उरलेले पुसून घ्या. चामडे अजून ताठ वाटले, तर दुसरा पातळ थर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हलक्या हाताने वाकवायला सुरुवात करा. एका दिवसात मऊ करण्याचा हट्ट धरला की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी टाळा, ओलावा आतच कोंडतो. सुती पिशवी, आत कागदाचा भराव आणि आठवड्यातून एकदा उघडे कपाट, एवढे पुरेसे असते. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीवर त्यांचा भरवसा नाही. कंटेनरमधून आलेल्या मालात ओलावा शोषणाऱ्या पुड्या असतात, त्यांतली नाव नसलेली पुडी मात्र घरात ठेवू नका. डायमिथाइल फ्युमरेट या बुरशीनाशकाच्या पुड्यांनी युरोपात सोफे आणि बूट वापरणाऱ्यांची कातडी सोलवटली आणि २००९ साली युरोपीय संघाने असा माल बाजारात आणण्यावर बंदी घातली.

शेवटी एक विनंती. टाका उसवला, तळ सुटला, वादी तुटली, तर स्टेशनबाहेर किंवा बाजारपेठेत बसणाऱ्या चर्मकार दादांकडे वस्तू न्या. रापी आणि आरी चालवणारा तो हात चामडे बोटांनी ओळखतो. या कौशल्यासाठी राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण कारागिराच्या हाताला रोजचे काम आपण दिले तरच ते कौशल्य टिकेल. जुनी वस्तू टाकण्यापूर्वी एकदा त्यांना दाखवा, आणि दुरुस्तीचे दाम घासाघीस न करता द्या.