वारुळातला वारा

नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते, ते नागोबानं बांधलेलं नसतं. ते वाळवीचं घर. नागोबा तिथं फार तर पोटभाडेकरू! या मातीच्या ढिगाकडून धडा घेऊन एका वास्तुविशारदानं अख्खी इमारत एअरकंडिशनरवाचून थंड ठेवली, ही गोष्ट मी कित्येक वर्षं वर्गात रंगवून सांगत असे. त्यातली इमारत खरी आहे. वाळवीविषयीचा भाग मात्र बराचसा चुकीचा निघाला.

ही इमारत झिंबाब्वेची राजधानी हरारे इथं आहे. नाव ईस्टगेट सेंटर. वास्तुविशारद मिक पिअर्स. ती १९९६ मध्ये खुली झाली. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्यानं दिवसा ऊन असलं तरी रात्री छान गारवा पडतो. पिअर्स यांनी हा गारवाच साठवून ठेवला. रात्री मोठे पंखे बाहेरची गार हवा ओढून मजल्यांखालच्या पोकळ्यांतून खेळवतात. पहाटेपर्यंत काँक्रीट थंडगार होतं. दिवसा त्याच पोकळ्यांतून हवा सावकाश सोडली जाते, ती निवून खोल्यांत येते आणि तापलेली हवा छतावरच्या धुराड्यांतून निघून जाते. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दुपारी हेच काम करत. पंख्यांना वीज लागतेच, पण हवा थंड करणाऱ्या यंत्रांच्या मानानं पुष्कळ कमी.

आता वाळवीकडे येऊ. स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्युशर यांचं म्हणणं असं होतं, की घरट्यातल्या उबेनं हवा वर चढते, वारुळाच्या भिंतींपाशी निवते, पुन्हा खाली उतरते, आणि त्यामुळे आतलं तापमान स्थिर राहतं. पुढे मोजमापं झाली. स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की घरट्याचं तापमान भोवतालच्या जमिनीबरोबर ऋतूनुसार बदलत राहतं. म्हणजे वारूळ हा एअरकंडिशनर नव्हेच, ते फुप्फुस आहे. आतली कोंदट हवा बाहेर टाकणं हे त्याचं काम!

मग २०१५ मध्ये एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या वारुळांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. दिवसा वारुळाचे बाहेरचे कंगोरे मधल्या पोकळीपेक्षा लवकर तापतात, म्हणून हवा कडेनं वर जाते आणि मधून खाली येते. रात्री नेमकं उलट. गंमत पाहा, दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावरच हे फुप्फुस चालतं, आणि पिअर्स यांची इमारतही त्याच फरकावर चालते. नक्कल चुकली, पण हिशेब जुळला.

हा हिशेब सगळीकडे जुळेल असं मात्र नाही. मे महिन्यात मुंबईला रात्रीही घाम निथळतो. साठवायला गारवा आणायचा कुठून? पुण्या-नाशकाला हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो फुकट मिळतो. तिथंही आपण काचेच्या इमारती उभारतो, त्या उन्हात तापवतो आणि मग विजेचं बिल भरत बसतो, याचा मला राग येतो.

वारुळाचं चित्र मी अजूनही वर्गात दाखवतो. पण त्याआधी विद्यार्थ्यांना आपापल्या गावचं आठवडाभराचं दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहून आणायला सांगतो.