समाजसेवकाचे शिक्षण कधी संपते?

मोठ्या सरकारी रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी लावलेली एक खोली असते. पैशाची अडचण उभी राहिली की मगच आपली पावले तिकडे वळतात. बिलात सवलत मिळेल का, पिवळे रेशनकार्ड चालेल का, एवढेच विचारण्याची ती जागा, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. औषध लिहून दिले तरी रुग्ण ते का घेत नाही, घरी त्याच्याकडे पाहणारे कोण आहे, बरा झाल्यावर त्याला कामावर परत घेतील का, हे प्रश्नही त्याच खोलीत सोडवायचे असतात.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाचेच उदाहरण घ्या. १९०१ सालापासूनची ही संस्था. मनोरुग्णालयात उपचारांनी बरा झालेला माणूस घरी जायला तयार असतो, पण न्यायला कोणी येत नाही, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी अर्धवट पत्त्यावरून घर शोधणे, भावाची-वहिनीची भीती दूर करणे, गोळ्यांचे वेळापत्रक समजावून देणे हे काम मनोविकृती समाजसेवकाचे. ते नुसत्या दयाबुद्धीने जमत नाही; त्यासाठी शिक्षण लागते.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला आणि देशात या कामाची सुरुवात झाली. आज एम.एस.डब्ल्यू.चा विद्यार्थी वर्गात शिकता शिकता वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात क्षेत्रकार्य करतो, रोजचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक तो अहवाल तपासून त्याला प्रश्न विचारतात. मनोविकृती समाजसेवक म्हणवून घेण्यासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या पदवीवर आणखी २ वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.ची अट घातली आहे.

खरी अडचण सुरू होते ती नोकरी लागल्यावर. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर ५ वर्षांत ३० गुणांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. समाजसेवकावर असे बंधन वर्षानुवर्षे नव्हते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकृती समाजसेवकांना आपल्या यादीत घेतले व राज्य परिषद आणि नोंदवही यांची तरतूद केली. तोवर ज्याला शिकायचे तो शिकला, बाकीच्यांनी जुन्या वह्यांवर भागवले.

याने बिघडते काय? पुष्कळ बिघडते. समजा, एका घरात मुलीने विष घेतले आणि ती वाचली. १९९५ साली शिकलेला कार्यकर्ता घरच्यांच्या कानात सांगेल, "गुन्हा दाखल होईल, अपघात झाला म्हणून सांगा." त्याच्या काळी ३०९ कलम होते, तेव्हा त्याची भीती खोटी नव्हती. परंतु २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे, वेगळे सिद्ध झाले नाही तर, अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच धरले जाते. तिला शिक्षा करायची नाही, उलट तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेलेही नाही. (सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र गुन्हा आहे.) रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाब होतो, पण त्याला घाबरण्याचे कारण नाही. खोटे सांगितले की मुलगी मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाही, आणि एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा धोका अधिक असतो. म्हणजे जुना सल्ला जिवावर बेतू शकतो.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराचेही तसेच. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवून देणारा समाजसेवक कितीही सज्जन असला तरी तो स्वतः गुन्हा करीत असतो.

कायदे पुस्तकातून कळतात. संभाषणाचे कौशल्य तसे कळत नाही. त्यासाठी अनुभवी सहकाऱ्यासमोर आपले प्रकरण मांडावे लागते, आपण काय बोललो आणि काय बोलायला नको होते ते ऐकून घ्यावे लागते. दिवसभर इतरांची दुःखे ऐकणारा माणूस आतून थकतो, कधी बधिरही होतो. त्याचे ऐकणारे कोणी हवेच. माझ्या मते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा हे नियमित मार्गदर्शन मोलाचे आहे, आणि नेमके तेच पहिल्यांदा सुटते. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयात जाणाऱ्याला रविवारखेरीज वेळ कुठला?

या बाबतीत ठाणेकर तसे भाग्यवान. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने उपचारांइतकेच महत्त्व प्रशिक्षणाला दिले. तेथील 'मैत्र' या दूरध्वनी सेवेसाठी सर्वसामान्य स्वयंसेवकांनाही ऐकण्याचे रीतसर शिक्षण दिले जाते. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार रुजवणारे कि. मो. फडके यांनी तर अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून आपला अभ्यास चालू ठेवला. शिकायचे म्हटले तर पोस्टकार्डही पुरते!

आता वाचकांच्या उपयोगाचे. कल्याण-डोंबिवलीतही आता जागोजागी 'समुपदेशन केंद्र' अशा पाट्या दिसतात. तेथे जाल तेव्हा पदवी कोणती आणि कुठली, हे विचारण्यात संकोच नको. आपले काम ते कोणाशी चर्चून पाहतात का, शेवटचे प्रशिक्षण कधी घेतले, हेही विचारा. चांगला समाजसेवक रागावणार नाही. जो स्वतः गोळ्या सुचवतो, चालू असलेल्या गोळ्या बंद करायला सांगतो किंवा दुसऱ्या रुग्णाची हकीकत नावानिशी ऐकवतो, त्याच्याकडून उठून यावे. तातडीच्या वेळी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून फोनला पैसे पडत नाहीत.